घुमट गेला, हप्ते राहिले

सिएटलचे किंगडोम हे घुमटाच्या छताचे स्टेडियम २६ मार्च २००० रोजी, रविवारी सकाळी साडेआठ वाजता, सुरुंग लावून पाडण्यात आले. सव्वा लाख टन काँक्रीट साधारण सतरा सेकंदांत जमिनीवर बसले आणि त्या दणक्याची नोंद तिथल्या भूकंपमापकांवर २.३ अशी झाली. उद्घाटन २७ मार्च १९७६ चे, म्हणजे चोवीस वर्षे पुरी व्हायला एक दिवस कमी होता. बांधणी आणि डागडुजीसाठी काढलेले कर्जरोखे मात्र मार्च २०१५ मध्ये फिटले. नसलेल्या इमारतीचे हप्ते किंग काउंटी पंधरा वर्षे भरत होती. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण निवडून आलेले सरकार आणि कर बसवण्याचा अधिकार असलेला.) अमेरिकेतल्या सार्वजनिक पैशाने बांधलेल्या मैदानांची चर्चा निघाली की हे उदाहरण हटकून पुढे येते. ते कशाचे उदाहरण मानायचे यावर मात्र अजून एकमत नाही. कोणी ते वाईट वास्तुरचनेचे मानतात, कोणी हयगयीच्या देखभालीचे, कोणी संघमालकांच्या दबावाचे. या मतांचा मागोवा घेताना मला एक गोष्ट सतत जाणवते. इमारतीचे आयुष्य, कर्जाचे आयुष्य आणि भाडेकराराचे आयुष्य अशी तीन वेगवेगळी घड्याळे इथे चालू होती, आणि वाद घालणारा प्रत्येक जण त्यांतल्या एकाकडेच पाहत होता.

एकाच कढईत दोन पदार्थ

बहुउद्देशी मैदान ही कल्पना सिएटलची नव्हे. १९५० च्या दशकात बेसबॉलचे जुने संघ शहरे बदलू लागले. ब्रेव्हज १९५३ मध्ये बॉस्टन सोडून मिलवॉकीला गेले. डॉजर्स आणि जायंट्स यांनी १९५८ मध्ये न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्निया गाठले. संघ हलू शकतो हे कळल्यावर शहरांमध्ये चढाओढ लागली आणि मैदान बांधून देणे ही सरकारची जबाबदारी होऊन बसली. करदात्याच्या पैशाने बांधायचे तर ते वर्षातून ऐंशी दिवस बेसबॉलसाठी वापरून एरवी कुलूप लावून ठेवणे कोणाला परवडणार? म्हणून एकाच वर्तुळात बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल दोन्ही बसवण्याची टूम निघाली. वॉशिंग्टन (१९६१), न्यूयॉर्कचे शे स्टेडियम (१९६४), ह्यूस्टनचे छतबंद ॲस्ट्रोडोम (१९६५), सेंट लुइस (१९६६), मग सिनसिनाटी आणि पिट्सबर्ग (दोन्ही १९७०) आणि फिलाडेल्फिया (१९७१) अशी रांगच लागली. टीकाकारांनी या पिढीला 'काँक्रीटचे डोनट' म्हटले, आणि ते नाव चिकटले.

अडचण भूमितीची होती. बेसबॉलचे मैदान पंख्यासारखे, काटकोनातून उघडत जाणारे असते. फुटबॉलचे लांबट आयताकृती. दोन्ही सामावणारा आकार वर्तुळाचा, पण त्यात बेसबॉलच्या प्रेक्षकाची खुर्ची चेंडूकडे तोंड करून नसते आणि फुटबॉलचा प्रेक्षक कडेच्या रेषेपासून लांब ढकलला जातो. आपल्याकडे नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये क्रिकेटसाठी आखलेल्या गोलात फुटबॉलचे सामने पाहणाऱ्यांना हे अंतर समजावून सांगायला नको. क्रिकेटला निदान गोल आकार मानवतो. सिएटलमध्ये तो दोन्ही मुख्य खेळांना परका होता.

तीनदा विचारलेला प्रश्न

काउंटीच्या मतदारांनी मैदानाच्या रोख्यांना १९६० आणि १९६६ असा दोनदा नकार दिला होता. तिसऱ्यांदा, फेब्रुवारी १९६८ मध्ये, जिम एलिस यांच्या पुढाकाराने आलेल्या 'फॉरवर्ड थ्रस्ट' या मोठ्या नागरी योजनेचा भाग म्हणून चार कोटी डॉलरचा प्रस्ताव पुढे आला आणि साठ टक्क्यांची अट ओलांडून सुमारे बासष्ट टक्के मतांनी मंजूर झाला. त्याच मतपत्रिकेवर शहराच्या रेल्वेचा प्रस्तावही होता. त्याला निम्म्याहून थोडी जास्तच मते मिळाली, पण साठ टक्क्यांची अट पुरी न झाल्याने तो पडला. १९७० मध्ये पुन्हा पडला. सिएटलला लाइट रेल मिळाली २००९ मध्ये, आणि तिच्या एका स्थानकाचे नाव 'स्टेडियम' ठेवले गेले.

या कौलाचा अर्थ लावताना एक तपशील निसटू देऊ नये. मतदारांनी मंजूर केले ते बहुउद्देशी सभागृह. बेसबॉलचे मैदान म्हणून कोणी कौल मागितला नव्हता. अर्थात बेसबॉल संघाची आशा त्यामागे होतीच. पायलट्स नावाचा संघ १९६९ मध्ये आलाही, सिक्स स्टेडियम या जुन्या मैदानात एक हंगाम खेळला, दिवाळखोर झाला आणि १९७० चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर मिलवॉकीला गेला. त्यावर राज्य, शहर आणि काउंटी यांनी अमेरिकन लीगला कोर्टात खेचले. त्या दाव्याच्या तडजोडीतून मरीनर्स हा नवा संघ मिळाला आणि तो १९७७ पासून खेळू लागला. घुमट अर्धवट बांधलेला असताना भाडेकरू मिळवण्यासाठी कोर्टकचेरी चालू होती, हा प्रकार पुढच्या घटनाक्रमाची सूचनाच देणारा आहे.

जागेचाही वाद झाला. सिएटल सेंटरची जागा १९७० मध्ये मतदारांनीच नाकारली. मग किंग स्ट्रीटवरच्या रेल्वेयार्डालगतची जागा ठरली. ती होती चिनी, जपानी, फिलिपिनो वस्तीच्या, 'इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाला खेटून. नोव्हेंबर १९७२ मध्ये भूमिपूजनाच्या वेळी तिथल्या आशियाई-अमेरिकन तरुणांनी निदर्शने केली आणि व्यासपीठावर चिखलाचे गोळे फेकले. वाफवलेल्या चिनी पावाचे, म्हणजे हम बावचे, नाव घेऊन 'हम बाव हवेत, हॉट डॉग नकोत' अशी त्यांची घोषणा होती. त्यांची भीती साधी होती: पार्किंग वाढेल, भाडी वाढतील, म्हातारे भाडेकरू बाहेर पडतील. बॉब सांतोस यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची पुढची कित्येक वर्षांची चळवळ याच काळात उभी राहिली आणि १९७३ मध्ये या वस्तीला खास देखरेखीच्या क्षेत्राचा दर्जा मिळाला. स्टेडियमच्या इतिहासात हा भाग बहुधा एका परिच्छेदात उरकला जातो (इथेही तसेच होते आहे); पण मूल्यमापनाच्या वेळी त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल.

इमारत म्हणून

घुमटाचे रचनाकार अभियंता जॅक क्रिस्टियनसन हे पातळ काँक्रीट कवचांचे जाणकार. किंगडोमच्या छताचा व्यास सुमारे दोनशे मीटर, म्हणजे विजापूरच्या गोल घुमटाच्या चौपटीहून अधिक. बरगड्यांसारख्या चाळीस जाड पट्ट्या सोडल्या तर कवचाची जाडी फक्त पाच इंच. व्यासाच्या प्रमाणात पाहिले तर अंड्याचे टरफल यापेक्षा दसपटीने जाड ठरेल. पावसाळी सिएटलमध्ये छत हवेच होते आणि हे छत स्वस्तात होणार होते. एकूण खर्च ६ कोटी ७० लाख डॉलरवर गेला. १९६८ मध्ये मंजूर झालेल्या रकमेहून तो बराच जास्त असला, तरी अशा कामांच्या मानाने माफकच म्हणावा लागेल.

वापर तर भरपूर झाला. एप्रिल १९७६ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून इथे खेळले आणि अठ्ठावन्न हजार लोक आले. मे महिन्यात बिली ग्रॅहम यांच्या धर्मसभेला चौऱ्याहत्तर हजार, जूनमध्ये पॉल मॅकार्टनीच्या मैफलीला सदुसष्ट हजार. सीहॉक्सचे फुटबॉल, मरीनर्सचे बेसबॉल आणि १९७८ ते १९८५ सुपरसॉनिक्सचे बास्केटबॉल असे तिन्ही मोठे व्यावसायिक खेळ एकाच छताखाली झाले. शिवाय महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अंतिम फेऱ्या (१९८४, १९८९, १९९५), प्रदर्शने आणि मोटारसायकलींच्या शर्यती. 'बहुउद्देशी' हा शब्द एखाद्या इमारतीने शब्दशः खरा केला असेल तर तो इथे.

पहिले मत: रचनाच वाईट होती

तरीही ही इमारत फारशी कोणाला आवडली नाही. आत कायम कृत्रिम उजेड, पायाखाली कृत्रिम हिरवळ, सगळीकडे करडे काँक्रीट. बेसबॉलला पाच-दहा हजार प्रेक्षक आले तर साठ हजारांच्या घुमटात ते हरवून जात. बाल्टिमोरचे कॅम्डेन यार्ड्स १९९२ मध्ये उघडले आणि विटांच्या, उघड्या, फक्त बेसबॉलसाठीच्या मैदानाची फॅशन आली. त्यानंतर किंगडोम एका रात्रीत म्हातारे दिसू लागले. या मताच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा म्हणजे त्या पिढीची एकूण वाताहत: अटलांटाचे मैदान १९९७ मध्ये गेले, पिट्सबर्गचे २००१, सिनसिनाटीचे २००२, फिलाडेल्फियाचे २००४ मध्ये. सगळीकडे एकच आजार असेल तर दोष कल्पनेतच असला पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे.

तो अर्धा पटतो. बेसबॉलसाठी ते वाईट होते, हे मान्य. फुटबॉलच्या बाबतीत मात्र बंद छतामुळे घुमणारा आवाज हे किंगडोमचे हत्यारच होते. पाहुण्या संघांना स्वतःच्या खेळाडूंची हाक ऐकू येत नसे. मरीनर्सचे रिकामे बाकही घुमटाच्या माथी मारता येत नाहीत. त्या संघाला पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवून देणारा पहिला हंगाम १९९१ मध्ये आला. आणि १९९५ च्या शरद ऋतूत तोच संघ जिंकू लागला तेव्हा त्याच करड्या घुमटात उभे राहायला जागा उरली नाही. एडगर मार्टिनेझच्या ज्या फटक्याने न्यूयॉर्क यांकीज गारद झाले तो याच छताखाली मारला गेला. प्रेक्षक इमारतीमुळे येत नव्हते की खेळामुळे, हे त्या दोन महिन्यांनी बऱ्यापैकी सांगितले.

दुसरे मत: देखभाल चुकली

१९ जुलै १९९४ रोजी, बाल्टिमोरविरुद्धच्या सामन्यासाठी दारे उघडण्याआधी, छताच्या आतल्या बाजूच्या चार फरशा सुटून प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर पडल्या. आवाज शोषून घेण्यासाठी लावलेल्या या फरशा भिजून प्रत्येकी २६ पौंडांच्या झाल्या होत्या. प्रेक्षक अजून आत आले नव्हते म्हणून निभावले. छत गळत होते, म्हणून काउंटीने बाहेरचा जुना थर काढायला घेतला होता. वाळूच्या माऱ्याने तो निघेना तेव्हा पाण्याचा जोरदार फवारा वापरला गेला आणि तेच पाणी आत मुरले. मैदान नोव्हेंबरपर्यंत बंद राहिले, दुरुस्तीचा खर्च ५ कोटी १० लाख डॉलर झाला आणि त्या कामात क्रेनच्या अपघाताने दोन कामगार मरण पावले.

जनमानसात यातून उरले ते 'किंगडोमचे छत पडले' एवढेच. प्रत्यक्षात काँक्रीटचे कवच जागेवर होते. पडले ते आतले अस्तर, आणि तेही डागडुजीच्या पद्धतीमुळे. क्रिस्टियनसन यांच्या कामाचा अभ्यास करणारे वास्तु-इतिहासकार या फरकावर भर देतात आणि घुमट आणखी दीर्घकाळ टिकला असता असे मानतात. त्यावर हरकत अशी की प्रेक्षकाच्या डोक्यावर काय पडले, कवच की अस्तर, याने त्याला काय फरक पडतो? इमारत म्हणजे देखभालीसह इमारत. ही हरकत मला योग्य वाटते; पण मग दोष देखभालीच्या खात्यावर मांडावा लागतो, बहुउद्देशी कल्पनेच्या नव्हे.

भूकंपाचा मुद्दाही निघाला. सीहॉक्सचे मालक केन बेरिंग यांनी १९९६ मध्ये संघ कॅलिफोर्नियाला हलवण्याचा घाट घातला तेव्हा करार मोडण्यासाठी दिलेले कारण होते, घुमट भूकंपात असुरक्षित आहे. काउंटीने ते खोडून काढले. पाडकामानंतर अकरा महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २००१ रोजी, ६.८ प्रतीचा निस्क्वाली भूकंप झाला आणि शेजारच्या पायोनियर स्क्वेअरमधल्या विटांच्या जुन्या इमारतींची पडझड झाली. उत्तर देणारी परीक्षा आली तेव्हा परीक्षार्थीच शिल्लक नव्हता.

तिसरे मत: भाडेकरूंनी पाडले

घटनाक्रम पाहिला तर सर्वांत भक्कम मत हे दिसते. १९९० च्या दशकात संघाचे उत्पन्न साध्या तिकिटांवरून आलिशान कक्षांकडे, उपाहारगृहांकडे आणि मैदानावर लावलेल्या कंपनीच्या नावाकडे सरकले. सामायिक सरकारी मैदानात यातला मोठा वाटा संघाला मिळत नसे. मरीनर्स १९९२ मध्येच टँपाला जायच्या बेतात होते. निन्टेंडोचे हिरोशी यामाउची यांच्या पैशाने ते राहिले, पण नवे मैदान ही अट उभीच होती. सप्टेंबर १९९५ मध्ये विक्रीकर वाढवून नवे मैदान बांधण्याचा प्रस्ताव काउंटीच्या मतदारांनी हजारएक मतांच्या फरकाने फेटाळला. पुढच्याच महिन्यात राज्य विधिमंडळाने खास अधिवेशनात उपाहारगृहे, भाड्याच्या मोटारी वगैरेंवरच्या करांची वेगळी मोट बांधून पैसा उभा केला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. ५१ कोटी ७० लाख डॉलरचे सेफको फील्ड जुलै १९९९ मध्ये सुरू झाले. सीहॉक्स घेण्याची तयारी दाखवणारे पॉल ॲलन यांनी जून १९९७ च्या राज्यव्यापी सार्वमताचा खर्च स्वतः उचलला. सुमारे एक्कावन्न टक्के मतांनी ४३ कोटींच्या नव्या मैदानातले ३० कोटी सार्वजनिक तिजोरीवर पडले. त्या मैदानासाठी किंगडोमची जागाच हवी होती.

संघांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणेही ऐकायला हवे. लीगमधले बाकीचे संघ नव्या मैदानांतून कमावत असताना एकानेच जुन्यात राहायचे म्हणजे खेळाडूंच्या पगारात मागे पडायचे, हरत राहायचे आणि शेवटी जायचेच. त्यांना निवड नव्हती. हे खरे आहे. मात्र ही सक्ती निसर्गाने आणलेली नव्हती. संघांची संख्या लीगच ठरवते, संघ मागणाऱ्या शहरांपेक्षा ती कमी ठेवते, आणि त्यामुळे प्रत्येक शहराला दुसऱ्या शहराची भीती दाखवता येते. तिसऱ्या मताची मर्यादा वेगळीच आहे. १९९५ चा 'नाही' डावलला गेला हे जितके खरे, तितकाच १९९७ चा 'होय', काठावरचा का होईना, मतदारांचाच होता.

खतावणी

अर्थशास्त्रज्ञांमध्ये या विषयावर जितके एकमत आहे तितके क्वचितच दिसते. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट यांनी संपादित केलेल्या १९९७ च्या ग्रंथापासून आजवरच्या अभ्यासांचा कल एकच आहे: मैदानाने शहराचे उत्पन्न किंवा रोजगार लक्षणीय वाढत नाही. कुटुंब करमणुकीवर खर्च करते तो ठरलेला. तो चित्रपटगृहाऐवजी मैदानात होतो इतकेच. याला उत्तर दिले जाते ते शहराच्या अभिमानाचे. तो मोजण्याचेही प्रयत्न झाले; लोक संघासाठी किती पैसे द्यायला राजी आहेत हे विचारणाऱ्या पाहण्यांत आकडा शून्य नसतो, पण मैदानाच्या खर्चाला सहसा पुरत नाही. ही पद्धत किती भरवशाची यावर मतभेद आहेत आणि ते मिटण्याची चिन्हे नाहीत.

किंगडोमच्या कर्जाबद्दल अर्थशास्त्री एक रास्त हरकत घेतात. उरलेले कर्ज हा इमारत राखण्याचा युक्तिवाद होऊ शकत नाही. पाडा वा ठेवा, ते फेडायचेच होते. बरोबर. पण त्यातून पुढचा प्रश्न सुटत नाही: ज्या इमारतीचा मुख्य भाडेकरू वीस वर्षांत निघून जाऊ शकतो, तिच्यावर त्याहून लांब मुदतीचे कर्ज काढावे का, आणि काढले तर भाडेकरूचा करार त्या मुदतीला का बांधू नये? कर्ज हॉटेलांवरच्या दोन टक्के करातून फिटले, म्हणजे बोजा बहुतांशी पाहुण्यांवर पडला, असे काउंटीच्या बाजूने सांगितले जाते. पण तो कर दुसऱ्या कशासाठी वापरता आला असता, हेही लिहून ठेवायला हवे.

या खतावणीत इंटरनॅशनल डिस्ट्रिक्टची ओळ बहुतेक वेळा कोरी असते. वस्ती उठली नाही, म्हणजे निदर्शकांची भीती अवास्तव होती, असे एक वाचन. निदर्शनांमुळेच ती उठली नाही, असे दुसरे. १९७३ चे संरक्षण आणि त्यानंतरची परवडणाऱ्या घरांची कामे पाहता मी दुसऱ्याकडे झुकतो. पण घुमट नसता तर ही वस्ती कशी असती याचा पुरावा कोणाकडेच नाही, आणि सामन्यांच्या दिवशीची वाहने तिथे अजूनही येतातच.

त्यानंतर

किंगडोमच्या अनुभवाने सिएटल बदलले का, यावरही दोन मते आहेत. २००६ मध्ये शहराच्या मतदारांनी ठरवले की व्यावसायिक संघांना मदत द्यायची तर शहराला त्यातून रास्त परतावा मिळाला पाहिजे. २००८ मध्ये सुपरसॉनिक्स ओक्लाहोमा सिटीला गेले. ही किंमत म्हणायची की शहाणपण, हे सांगणाऱ्यावर अवलंबून. जुने बास्केटबॉल सभागृह पुढे मुख्यतः खासगी पैशाने नव्याने बांधले गेले आणि २०२१ मध्ये खुले झाले. त्यामुळे ठाम राहिल्यास खासगी पैसा येतो, असे एका गटाला वाटते. दुसरा गट दाखवतो की ज्या संघासाठी वाद झाला तो काही परत आला नाही. दरम्यान, सप्टेंबर २०१८ मध्ये किंग काउंटीच्या परिषदेने पाच विरुद्ध चार मतांनी एक ठराव केला. किंगडोमच्या हप्त्यांतून मोकळ्या झालेल्या हॉटेल-करातले साडेतेरा कोटी डॉलर पुढच्या वर्षांमध्ये बेसबॉलच्या नव्या मैदानाच्या देखभालीला द्यायचे असा तो ठराव होता. ते मैदान तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.